तिसऱ्या ओळीतला श्वास

गुरुजी,

आता माझेही कान जायला लागलेत. आधी उजवा, तुमच्यासारखाच. घरात मी बरेच महिने कळू दिलं नव्हतं, पण यंदा जत्रेच्या दिवशी देवळात फजिती झाली. देवाला गाऱ्हाणं घालणं चाललं होतं, सगळा गाव एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणाला, आणि सगळे गप्प झाल्यावर मी एकटाच खणखणीत ‘व्हय महाराजा’ म्हणून मोकळा झालो. गाऱ्हाणं घालणारा पुढचं वाक्यच विसरला. बायको घरी पोचेपर्यंत हसत होती. मला वाईट वाटलं नाही. देवळाच्या पायऱ्या उतरताना तुम्हीच आठवलात, आणि वाटलं, चला, या वयात गुरुजींच्या वर्गात पुन्हा नाव घातलं.

त्याच आठवड्यात मी तुमचा डबा खाली काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावर गुलाबाची फुलं होती, ती आता गंजाच्या डागांत मिसळून गेलीत. पुढच्या अंगाला तीन फिरवायची बटणं, मागे सेल घालायची जागा, आणि बाजूला हेडफोनच्या वायरीसाठी भोक, ते मी तेव्हा खिळ्याने पाडलं होतं म्हणून अजून वाकडं दिसतं. आतले दोन-चार भाग सुकले होते, ते बदलले. डाग देताना कथील आता भलतीकडे सांडतं. पण सेल घालून खटका दाबला आणि हेडफोन कानाला लावले, तर डबा जिवंत. दुपारी जेवणानंतर मी आता पडवीत बसून त्यातून गाणी ऐकतो. भोवतालचं जग गप्प होतं आणि कपाळाच्या आत कुणीतरी तंबोरा लावायला घेतं. अशाच एका दुपारी हे लिहायला घेतलं आहे. एक गोष्ट सांगायची राहिलीय, म्हणून.

तुम्ही शाळेत पुस्तकी मराठी बोलायचात आणि शाळेच्या उंबरठ्याबाहेर पाय पडला की मालवणी. आम्हाला दोन गुरुजी होते म्हणा ना. आतले गुरुजी धडे मागे टाकून कविताच आधी घेत, त्यामुळे दिवाळीपर्यंत पुस्तकातल्या सगळ्या कविता संपलेल्या असत. प्रत्येकीला तुमची स्वतःची चाल. टेबलावर लाकडी डस्टरने ठेका धरायचा, डोळे मिटायचे, आणि खडूची धूळ उडतेय त्यातच पहिली ओळ सोडायची. सातवीत कविता संपल्या तेव्हा तुम्ही फळ्यावर एक लिहिलीत, ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. चार ओळी.

सांज उतरली माडांवरुनी
होड्या आल्या परत किनारी
एक न आली अजून होडी
दिवा लावुनी आई दारी

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘गुरुजी, कवीचं नाव?’ तुम्ही म्हणालात, ‘कवी अजून पास झालेला नाही.’ आम्ही खरंच समजलो, असेल कुणी आमच्यासारखाच परीक्षेला बसलेला. तो कवी डस्टर हातात धरून समोर उभा आहे, हे मला कळायला पुढे कित्येक वर्षं लागली.

ती कविता म्हणायला तुम्ही मला उठवायचात. माझा आवाज बरा होता, हे इतर मुलं सांगत; तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी म्हणायचो, आणि तिसऱ्या ओळीत ‘एक न आली अजून’ इथवर आलं की माझा दम संपायचा. मी चोरून श्वास घ्यायचो आणि मग ‘होडी’ म्हणायचो. डस्टर हवेतच थांबायचं. ‘तिसरी आणि चौथी ओळ एका श्वासात,’ तुम्ही म्हणायचात. ‘दारात उभी आहे ती आई. होडी दिसेपर्यंत ती श्वास घेईल का रे? मग तू का घेतोस?’ मी पुन्हा म्हणायचो, पुन्हा तिथेच अडकायचो. सबंध वर्ष गेलं. वर्ष संपताना मला एकच हवं होतं, तुमच्या तोंडून ‘बरो’ असा एक शब्द. तो मिळाला नाही. मिळालं ते, ‘फुफ्फुसं मोठी कर.’

मॅट्रिकनंतर तुम्हीच खटपट करून मला शिक्षकाच्या कोर्सला धाडलंत. चार महिन्यांत मी परत आलो. का आलो, हे तेव्हा धड सांगता आलं नाही. तिथे कवितेचे हेतू आणि उद्दिष्टं वहीत आखून लिहायची असत. चाल कुणी लावायचं नाही. खोलीमालकाचा बिघडलेला रेडिओ मात्र मी एका संध्याकाळी उघडला आणि त्यातून खरखरत एक बाई गायला लागली, तेव्हा मला वाटलं, हेही कविता म्हणायला शिकवणंच आहे की. तळेऱ्याच्या नाक्यावर एका दुरुस्तीवाल्याकडे मी शिकायला बसलो. तुम्ही घाटावरून येत होतात, गाडी बदलायला तिथे उतरलात, आणि दुकानाच्या फळीपलीकडे मी दिसलो. तुमच्या हातात पिशवी होती, माझ्या हातात डाग द्यायची धुरकटलेली सळई. ‘तुका कविता शिकवूक धाडलंय मी,’ तुम्ही म्हणालात, ‘आणि तू हय तारा चिकटवतंस? देवान तुका कान कित्या दिल्यान मगे?’ तुमची गाडी आली, तुम्ही चढलात, खिडकीतून मागे पाहिलं नाहीत.

पुढे मी आचऱ्यात माझं दुकान टाकलं. तुमचं घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर. तुमचा रेडिओ बिघडला की तुम्ही तो धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून, काखेला मारून, माझ्या दारावरून जायचात आणि मालवणची गाडी पकडायचात. दुरुस्तीला! मी दुकानातून ‘गुरुजी, नमस्कार’ म्हणायचो. तुम्ही मान हलवायचात. काखेतला रेडिओ बघून मला बाहेरूनच कळायचं, याचा सेलचा स्प्रिंग ढिला झालाय, पाच मिनिटांचं काम. अशी दहा-बारा वर्षं गेली. भांडण असं नव्हतंच. तुम्ही माझ्या लग्नाला आलात, लाडू खाल्लात. फक्त रेडिओ दिला नाहीत.

मग ऐंशीच्या पुढची ती वर्षं आली. घराघरात टेप आले, मुंबईचे चाकरमानी येताना कॅसेटी आणू लागले, माझं दुकान भरून गेलं. आणि एक दिवस तुमच्या घरून काकी आल्या, दळणाचा डबा कमरेवर घेऊन, चक्कीवर जायच्या निमित्ताने. ‘गुरुजी कोणाशी बोलनत नाय रे,’ त्या म्हणाल्या. ‘भजनाक जाणा सोडल्यानी. रेडिओ इतक्या मोठ्यान लावतत की कोंबडी कुंपणापलीकडे पळतत, आणि वर म्हणतत, ऐकाक येणा नाय. डॉक्टरान कानातला मशीन दिल्यान, ता शिटी मारता म्हणान तांदळाच्या डब्यात टाकून ठेवल्यानी. काल माका म्हणाले, आता सगळी गाणी संपली. तू कायतरी कर. आणि मी इललंय म्हणान त्यांका सांगू नको.’ दळण न दळताच त्या परत गेल्या.

सगळी गाणी संपली, हे तुमच्या तोंडचं वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी मी तुमच्या घरी आलो, एरियलची तार बघतो म्हणून. तुम्ही पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला होतात. मी ओरडून विचारलं, रेडिओ बघू काय? तुम्ही म्हणालात, ‘रेडिओ बरो आसा. रेडिओवरची माणसाच बिघडली. सगळी तोंडात सुपारी धरून बोलतत. शब्दाचो नुसतो फुगो ऐकाक येता, आतलो दाणो नाय.’ गुरुजी, एका वाक्यात तुम्ही मला सगळं निदान सांगितलंत. तुम्हाला स्वर ऐकू येत होते, व्यंजनं नव्हती. ‘सांज उतरली’ तुमच्या कानात नुसतं ‘आं उ अ ई’ होऊन पोचत होतं. बारीक, टोकदार आवाज गेले होते, जाड आवाज राहिले होते. त्यात मोठा आवाज लावून काय होणार? फुगाच मोठा होणार.

आमच्या वाडीतला एक खलाशी होता, बोटीवरून आणलेले हेडफोन वायर तुटली म्हणून माझ्याकडे टाकून गेला होता. मोठे, काळे, नारळाच्या करवंट्या दोन्ही कानांवर बसवाव्यात तसे. वायर मी जोडली होती, पण टेपच्या भोकात घातले तर आवाज अगदी क्षीण. टेपच्या अंगात त्यांना हलवण्याएवढी ताकद नव्हती. तुमच्या कानाला लावून पाहिले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘डास गाता.’ म्हणून मग त्यांच्यासाठी वेगळा अँप्लिफायर करायचं मनात आलं. फक्त हेडफोनसाठी, फक्त दोन कानांसाठी. खोलीला ऐकवायचं नाही, कोंबड्यांना नाही. दोन कानांना दोन वेगळी बटणं, कारण तुमचा उजवा जास्त गेलेला. तिसरं बटण बारीक आवाज वर उचलायला, दाणा फुग्यातून बाहेर काढायला. पहिल्यांदा विजेवर केला तर त्यात घूं असा आवाज राहिला. काकींनी कानाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, ‘ह्यात समुद्र आसा.’ मग सेलवर केला आणि समुद्र गेला. हेही सांगून टाकतो, तुम्ही बटण नेहमी शेवटपर्यंत पिळायचात आणि म्हणायचात, अजून थोडा असता तर. थोडा होता. उरलेले कान सांभाळायला मी तो आतून अडवून ठेवला होता.

डबा तयार झाला त्या दुपारी मी दुकानाची फळी लावून घेतली आणि आधी स्वतः ऐकलं. एका भजनाची कॅसेट होती. गुरुजी, मी शेकडो टेप दुरुस्त केले होते, पण ऐकलं असं तेव्हाच. आवाज माझ्याकडे येत नव्हता, मीच त्याच्या घरात जाऊन बसलो होतो. डाव्या हाताला पखवाज, उजव्या हाताला टाळ, आणि मधोमध, दोन भुवयांच्या मागे, बुवा. पेटीचा भाता दाबला की हवा आत जाताना ऐकू येत होती. कुणीतरी खाकरलं. आणि ओळ उचलण्याआधी बुवांनी घेतलेला श्वास, तो तर असा स्पष्ट, की मी दचकून मागे बघितलं. यात श्वास लपत नाही, हे मला कळलं, आणि त्याच क्षणी सातवीतलं ते डस्टर हवेत थांबलेलं दिसलं.

म्हणूनच असेल, मला ती अवदसा आठवली. पुढच्या रविवारी भर दुपारी, पंखा बंद करून, दाराला घोंगडी लावून, मी टेपसमोर बसलो आणि तुमची कविता तुमच्या चालीत म्हटली. घाम गळत होता. इतकी वर्षं झाली, दोन मुलांचा बाप झालो होतो, पण ‘एक न आली अजून’ इथे श्वास संपला तो संपलाच. पुन्हा म्हणायला हवी होती. नाही म्हटली. आणखी म्हटली तर धीर जाईल असं वाटलं. भजनाच्या शेवटी उरलेल्या फितीवर ती घातली आणि कुणाला काही बोललो नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डब्याला हातही लावला नसतात.

डबा आणि टेप घेऊन मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसला होतात. स्वयंपाकघरात फणसाची भाजी शिजत होती. मी स्टुलावर डबा ठेवला, करवंट्या तुमच्या कानांवर बसवल्या, टेप चालू केला आणि तार बघायच्या निमित्ताने बाहेर अंगणात, खळ्यात जाऊन उभा राहिलो. मग आतून तुमचा आवाज आला, आणि काय आवाज! ‘गो! टाळ! टाळ ऐकाक येतत गो!’ कान झाकलेल्या माणसाला आपण केवढ्याने बोलतोय ते कळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला विसरलो होतो. शेजारच्या खळ्यातली नाचणी वाळवणारी माणसं माना वर करून बघू लागली. मासे घेऊन चाललेली एक बाई पाणंदीत पाटी डोक्यावर तशीच धरून थांबली.

मग भजन संपलं. मला बाहेर टेप ऐकू येत नव्हता, पण तुमची बोटं दिसत होती, खिडकीतून. ती स्टुलावर ठेका धरू लागली. डस्टरचा ठेका. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीला हात हवेत थांबला. तसाच राहिला. मी तार घट्ट धरली. आणि मग तुम्ही काकींना जवळ बोलावलंत, तोंडाला हात आडवा धरलात, गुपित सांगतात तसा, आणि तुमच्या मते कुजबुजलात. सगळ्या वाडीने ऐकलं. ‘गो, ह्यो आपलो रेडिओवालो! थंयच श्वास घेतल्यान बघ, अजूनय! पण बरो म्हणता मेलो. बरो म्हणता. त्याका सांगू नको हां, डोक्यात हवा जायत!’

पाणंदीतली बाई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ऐकलंस मा?’ मी तोंडावर बोट ठेवलं. ती पाटी सावरत, खुदखुदत गेली.

थोड्या वेळाने तुम्ही करवंट्या काढून बाहेर आलात. चेहरा सातवीच्या वर्गातला, करडा. ‘मशीन बरा केलंस,’ तुम्ही म्हणालात. ‘पण शेवटाक कोण तो म्हणता? तिसऱ्या ओळीत श्वास चुकता त्याचो.’

‘कोण जाणे, गुरुजी,’ मी म्हटलं. ‘कॅसेट बाजारातली.’

‘हां,’ तुम्ही म्हणालात. ‘बाजारातले असेच.’ आणि आत जाऊन, तो धोतराचा तुकडा उलगडून, तुम्ही तुमचा रेडिओ माझ्या हातात दिलात. ‘ह्याचो स्प्रिंग बघ जरा.’

पुढची तीन वर्षं आपण दोघांनी तो बाजारातला गायक जिवंत ठेवला. दर पंधरा दिवसांनी मी नवी कॅसेट आणायचो, पुढे भजन नाहीतर नाट्यपदं, मागे शाळेतल्या दोन कविता आणि शेवटी तुमची चार ओळींची. तुम्ही ऐकायचात आणि मला सांगायचात, ‘तुझ्या त्या बाजारातल्याक सांग, दुसऱ्या ओळीत घाई करता.’ मी म्हणायचो, भेटला तर सांगतो. पुढच्या कॅसेटला तो घाई करत नसे. ‘त्याका सांग, माडांवरुनी म्हणताना माड दिसाक होयत.’ मग माड दिसू लागले. तिसरी ओळ मात्र त्याला कधी जमली नाही, आणि प्रत्येक वेळी तुम्ही तोंडाला हात आडवा धरून काकींना तेच गुपित गर्जून सांगितलंत, आणि मी खळ्यात उभा राहून ते ऐकलं. काकी मला चहा द्यायला बाहेर येत तेव्हा म्हणत, ‘दोघांय येडे.’ भजनाला तुम्ही पुन्हा जाऊ लागलात. ऐकू यायचं नाही तिथे, पण ठेका हातात आला होता. एकदा आपण धामापूरला गेलो होतो, तळ्याच्या पायऱ्यांवर बसून तुम्ही आपणहून ती कविता गुणगुणलात, तिसरी-चौथी एका श्वासात, आणि माझ्याकडे पाहिलंत. मी पाण्याकडे बघत राहिलो.

तुम्ही गेलात ते झोपेत, पहाटे, कुणाला तसदी न देता. बाराव्यानंतर काकींनी डबा आणि हेडफोन माझ्या हातात दिले. हेडफोन तेल लावून पुसल्यासारखे लखलखीत केले होते.

आता ती गोष्ट. गुरुजी, तिसरी ओळ मला जमली होती. कॅसेटी सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यातच. रोज सकाळी समुद्रावर चालत जायचो आणि परत येताना म्हणत यायचो. एका सकाळी श्वास संपायच्या आत चौथी ओळ संपली. मी वाळूत उभा राहून पाच-सहा वेळा म्हणून खात्री केली. घरी येऊन ती तशी भरली सुद्धा. ती कॅसेट तुमच्यासाठीच होती, आणि मी ती दिली नाही. पुढच्या सगळ्या कॅसेटींत मी ‘अजून’च्या पुढे मुद्दाम श्वास घेतला. वाटलं, ती चूक सुधारली तर तुम्ही मला ओळखणार कशावरून? आणि ओळखलं नाहीत तर काकींच्या कानात ते गुपित कोण सांगणार? एक ‘बरो’ ऐकायला इतकी वर्षं लागली होती. तो मी तीन वर्षं, पंधरा-पंधरा दिवसांनी, चोरून ऐकत राहिलो. खोटं बोललो म्हणा, लबाडी केली म्हणा. पश्चात्ताप काही होत नाही.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही. डब्यात सेलच्या मागे चार बोटं जागा आहे, तिथे घडी करून ठेवीन. लिहिताना मी ती न दिलेली कॅसेट लावली होती. माझाच तरुण आवाज कपाळाच्या आत म्हणत होता, अगदी स्वच्छ, तिसरी-चौथी एका दमात. मीही त्याच्याबरोबर म्हणत होतो असं दिसतं, कारण बायको स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि माझ्या एका कानावरची करवंटी उचलून म्हणाली, ‘ओ, किती मोठ्यान म्हणतास! रस्त्यावरची माणसा थांबली. आणि चांगला चललला, मदीच थांबलास कित्या?’

कॅसेटमधला पुढे निघून गेला होता. माझाच दम संपला होता. या खेपेला खराखुरा.

‘थंय श्वास घेवचो असता,’ मी म्हटलं.